कोकम तेलाचा घरगुती साबण: एक पावसाळा वापरून झाल्यावर

लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी), ट्रेस (मिश्रण दाट व्हायला लागणं), क्युअरिंग (वड्या काही आठवडे वाळवणं) हे घरी साबण करणाऱ्यांना सांगायला नको, म्हणून थेट कोकम तेलावर येते. लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे परवा ऑनलाइन मागवलेला खवट माल. चांगल्या कोकम तेलाला अगदी मंद वास असतो. मागवलेल्या घट्ट तेलाच्या गोळ्यांना जुन्या शेंगदाण्यांसारखा वास मारत होता. विक्रेत्याचं उत्तर, "नैसर्गिक वास आहे, मॅडम." खवट तेल घातलं की पुढे साबणाच्या वडीवर नारिंगी डाग उमटतात आणि त्याच्याबरोबर खोबरेल-एरंडेलाचे पैसेही बुडतात. पैसे परत मिळाले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

आता मूळ मुद्दा. माझा साबण साबणदाणीत विरघळत नाही! आधीचा खोबरेल आणि राईस ब्रॅनचा (तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा) साबण पावसाळ्यात खालून लगदा व्हायचा, निम्मी वडी मोरीत जायची. कोकम तेलात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं, त्यामुळे वडी टणक होते. जुलैतल्या दमट हवेतही ती कडक राहिली. माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

त्वचेचं म्हणाल तर सुरुवातीला वाटलं होतं की जितकं कोकम जास्त तितकी त्वचा मऊ. आता तसं वाटत नाही. लायशी संयोग झाला की बहुतेक तेलाचा साबणच होतो. त्वचेवर राहायला उरतं ते सुपरफॅटचं, म्हणजे साबण न होता राहिलेल्या जादा तेलाचं, पाच टक्के, आणि त्यातही सगळ्या तेलांचा वाटा. मग महागाचं तेल चाळीस टक्के कशाला घालायचं? शिवाय इतकं घातलं की फेस बसतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात तर फेसाऐवजी पांढरी साय बादलीला चिकटायची. आता कोकम वीस टक्के, खोबरेल चाळीस, एरंडेल दहा, बाकी राईस ब्रॅन. या प्रमाणाने अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होत नाही. कॉस्टिक सोडा मात्र दर वेळी साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर नव्याने काढा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

करताना एक सांभाळा: हे तेल चाळीस अंशांच्या आसपासच गोठायला लागतं. मिश्रण त्याखाली गेलं की ट्रेस आल्यासारखं दिसतं, पण ते नुसतं गोठलेलं तेल असतं. पंचेचाळीस ते पन्नासवर ठेवा आणि हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवा.

टाचांच्या भेगांना साबणाची वाट बघू नका. कोकणात करतात तसं मुठेल, म्हणजे हेच कोकम तेल, पातळ करून रात्री भेगांत भरा, वर मोजे घाला. माझ्या सासूबाईंच्या टाचा त्यानेच भरून आल्या.

खरेदी आता सिंधुदुर्गातल्या घरगुती करणाऱ्यांकडूनच. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल ते काढतात आणि हाताने गोळे वळतात. रंग मळकट असतो, तळाशी थोडा गाळ निघतो. पातळ करून फडक्याने गाळून घेतलं की झालं. हंगाम एप्रिल-मेचा, तेव्हा पावसाआधीच सांगून ठेवा.