अखाजीचा दिवस की गुरुजींनी काढलेला मुहूर्त?

घरात शुभकार्य निघालं की आमच्या खान्देशात पहिला सूर हाच: "अखाजीलाच उरकून टाकू." अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतली, म्हणून वेगळी वेळ काढायची गरज नाही अशी श्रद्धा. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांचं, नवं साल ठरलेलं, घागर भरून पितरांना सांजोरी-आमरसाचा नैवेद्य दाखवलेला. सोनं, ट्रॅक्टर, नवं दुकान यांसाठी मला हाच दिवस प्रिय.

लग्नाचं तसं नाही. १० मे २०२४ ची अखाजी आठवा. गुरू आणि शुक्र दोघेही अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या जवळ असल्यानं न दिसणारे, होते, आणि अशा काळात विवाह टाळावा असं मुहूर्तशास्त्र सांगतं. काढलेल्या मुहूर्तात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाचही अंगं पाहतात. रोहिणी, मृग, हस्त, स्वाती, अनुराधा ही नक्षत्रं विवाहाला घेतात. शिवाय वधूवरांचं चंद्रबळ, म्हणजे त्या दिवशीचा चंद्र त्यांच्या राशींना अनुकूल आहे का, तेही.

यातली नाजूक गोष्ट म्हणजे लग्नराशी, म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. ती साधारण दोन तासांनी बदलते आणि गावागणिक तिची वेळ वेगळी. जळगावात सूर्य मुंबईच्या सरासरी दहा-अकरा मिनिटं आधी उगवतो. तिथी संपायची वेळ देशभर एकच, पण लग्नराशीची नाही. म्हणून मोबाइलवर मुंबईची वेळ पाहून भुसावळच्या मांडवात अक्षता टाकू नका. गावाचं नाव सांगूनच वेळ काढून घ्या.

वास्तुशांतीलाही मी पंचांगच उघडेन. अखाजीला गुरुजी मिळणंही अवघड.