ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: पिकअपचा रेल प्रेशर सेन्सर तपासायला कितपत कामाचा?

कापूस भरून जिनिंगकडे निघालेली पिकअप चढावर उचलत नाही, चेक लाइट लागलेला असतो, रेस दिली तरी आरपीएम वर जात नाही. मग "रेल प्रेशर सेन्सर गेला" (रेल म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी, तिथला दाब हा मोजतो) म्हणून सरळ नवा बसवतात आणि तक्रार तशीच राहते. ऑनलाइन ५०० ते १००० रुपयांत मिळणारा ईएलएम३२७ प्रकारचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) पोर्टला लावून बिघाड मोबाइलच्या अॅपवर दाखवणारं यंत्र, हा फुकटचा खर्च वाचवतो. सोबत डिजिटल मल्टिमीटर मात्र हवाच.

कोड, म्हणजे गाडीनं नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचायला तो चांगला आहे. पी०१९२ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार कमी, पी०१९३ म्हणजे फार जास्त. दोन्हींत वायर, प्लग आणि सेन्सर तपासायचे. पी००८७ आला तर रेलमध्ये दाबच कमी पडतोय, तिथं आधी डिझेल फिल्टर बघा. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमधलं पाणी आणि गाळ फिल्टर चोंदवतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

पण पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटामुळे, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे दिसतात त्यामुळे. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका आणि फ्युएल रेल प्रेशर बघा. आकडा शून्याजवळ हवा. बंद इंजिनवर ८०-१०० बार (दाबाचं एकक) दिसले तर सेन्सर किंवा त्याची तार खोटं बोलतेय. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, बहुतेक कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या) गाड्यांत २५० ते ३५० बार येतात. अॅप केपीएमध्ये (किलोपास्कलमध्ये) दाखवत असेल तर १०० ने भागा.

पुढचं काम मल्टिमीटरचं. सेन्सरला तीन तारा असतात. प्लग काढून चावी ऑन केली की एकीवर ५ व्होल्ट मिळायला हवेत, एक अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. ५ व्होल्टच नसतील तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही, वायरिंग शोधा. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरानं तार कुरतडलेली हमखास सापडते. प्लग जोडल्यावर सिग्नलवर बंद इंजिनला ०.५ व्होल्टच्या आसपास आणि आयडलला साधारण १ ते १.५ व्होल्ट यावेत. मोजताना तारेचं आवरण टोचू नका, प्लगच्या मागून बारीक पिन सरकवा. टोचलेल्या जागी पावसाळ्यात पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

उणिवाही आहेत. देशभर बीएस-४ (गाड्यांच्या धुराचा सरकारी निकष) लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याआधीच्या बीएस-३ गाडीला हा स्कॅनर जुळेलच असं नाही. ईसीएमनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) मागितलेला दाब बऱ्याच गाड्यांत दिसत नाही, फक्त प्रत्यक्ष दाब दिसतो. 'व्ही २.१' छापलेल्या स्वस्त नकला अर्ध्या कमांड घेत नाहीत, त्या टाळा. काम झालं की पोर्टमधून काढून ठेवा, तिथं बॅटरीचा करंट कायम असतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढायला चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप ढिला करायची सवय इथं अनेकांना आहे. कॉमन रेलला ते कधीच करू नका. आयडलच्या दाबालाही डिझेलची धार कातडीत घुसते.

सेन्सर बदलायचाच ठरला तर जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. १८०० बारच्या जागी १५०० बारचा बसवला तर गाडी चालू होईल, पण ईसीएमला दाब चुकीचा कळत राहील.