कॅलगरीचा हिवाळा आणि ह्युमिडिफायर: पाच महिने वापरल्यावर

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, मार्चअखेर धुऊन, वाळवून खोक्यात ठेवला. रोज वापरला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं घर कॅनडातल्या कॅलगरीत, दुमजली. तळघरातली गॅसची फर्नेस हवा तापवते आणि ती जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्यांत येते. मी मूळची चिपळूणची. भिंतींना पोपडे, कपाटात बुरशी, पावसाळ्यात न पेटणाऱ्या काड्या हे बघत वाढलेली. ओल घरात येऊ द्यायची नाही एवढंच शिकलेलं, त्यामुळे पैसे मोजून घरात दमटपणा आणायचा हे पहिले तीन हिवाळे पटलंच नाही. गारठा वाटला की आम्ही थर्मोस्टॅट वाढवायचो. २१ वरून २२, मग २३. तरी आंघोळ करून बाहेर आलं की हुडहुडी भरायचीच, आणि सकाळी घसा सुकलेला असायचा.

यंदा आई आली. आठवड्याभरात तिचा घोळणा फुटला, मग पुन्हा दोनदा. टाचांना भिरंडेल (कोकमाचं तेल) चोळून झालं, नाकात तूप झालं. "अगं, कालचा उघडा राहिलेला पापड आजही कुरकुरीत आहे, हवा आहे की भट्टी?" ती म्हणाली. त्या दिवशी मी आधी आर्द्रतामापक आणला. काटा १६ टक्क्यांवर.

फर्नेस हवेतलं पाणी जाळते असं आपल्याकडचे बरेच जण समजतात, मीही समजायचे. तसं नाही. बाहेरच्या गार हवेतच फारसं पाणी नसतं. उणे २० अंशांना एका घनमीटर हवेत फार तर १ ग्रॅम वाफ मावते, २१ अंशांना सुमारे १८ ग्रॅम. बाहेरची हवा फटींतून आत आली आणि तापली की तेच १ ग्रॅम पाणी आता १८ ग्रॅमच्या जागेत. म्हणजे पाच-सहा टक्के. स्वयंपाक, आंघोळी आणि आपला श्वास यांच्यामुळे ती १५-१६ला पोचते, एवढंच. थंडी जितकी कडक, घर तितकं कोरडं. अशा हवेत अंगावरचा ओलावा झपाट्याने उडतो आणि जाताना अंगाची ऊब घेऊन जातो.

मापक खरा की खोटा हे आईने तपासलं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चमचाभर पाणी, नुसतं चिखलासारखं ओलं. ते झाकण आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी काटा ७५ वर हवा, आमचा ७१ वर होता. म्हणजे आमचा मापक चार टक्के कमी दाखवतो. चिपळूणला पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेही हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की. आई ते ऐकून खूश झाली.

पहिलं यंत्र अल्ट्रासोनिक घेतलं होतं, दिसायला सुंदर, आवाज नाही. चौथ्या दिवशी टीव्हीवर, काळ्या टेबलावर, तुळशीच्या पानांवर पांढरी भुकटी. इथलं नळाचं पाणी जड आहे आणि हे यंत्र पाण्याचे बारीक थेंब क्षारांसकट हवेत उडवतं. डिस्टिल्ड पाणी वापरा म्हणतात, पण दिवसाला सात-आठ लिटर कोण विकत आणणार? ते परत केलं.

मग वातीचं घेतलं. टाकीत जाड कागदी वात उभी असते, ती पाणी ओढते आणि मागचा पंखा तिच्यातून हवा फिरवतो. क्षार वातीतच राहतात. मधल्या वेगावर आवाज टेबलफॅनइतका, रात्री सर्वात कमी वेगावर चालतो. तीन महिन्यांत दोन वाती बदलल्या. वात दगडासारखी कडक होते, मग पाणी चढतच नाही. दर रविवारी टाकी रिकामी करून पांढऱ्या व्हिनेगरने धुवावीच लागते. एकदा मी दोन आठवडे टाळलं, तर भिजलेल्या पायपुसण्यासारखा कुबट वास घरभर. हा त्रास नको असेल तर घेऊच नका.

फरक कुठे पडला? नाक आणि घसा यांत सगळ्यात जास्त. काटा ३० ला आला आणि आईचा घोळणा पुन्हा फुटला नाही. दाराच्या मुठीला हात लावला की बसणारा स्थिर विजेचा चटका जवळजवळ गेला. मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याच्या जोडातली केसाएवढी फट मिटली, आणि याचा मला खरोखर आनंद झाला.

उबेबद्दल मात्र स्पष्ट सांगते. आर्द्रता १० टक्क्यांनी वाढली तर अंगाला साधारण ०.३ अंशांइतकी जास्त ऊब वाटते, त्याहून नाही. आम्ही थर्मोस्टॅट २३ वरून २२.५ वर आणला, तेवढाच. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते, ती खोलीतल्याच हवेतून जाते आणि फर्नेसला भरून द्यावी लागते. गॅसचं बिल कमी होईल म्हणून घेत असाल तर घेऊ नका.

आणि जास्त ओलावा चांगला, हेही खरं नाही. जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत गेला तेव्हा मी काटा ४५ वर ठेवला होता, माझीच चूक. सकाळी खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ, दुपारी ते वितळून चौकटीत पाणी, आणि पंधरा दिवसांत मुलीच्या खोलीतल्या खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके. चिपळूणची बुरशी इथे! पुसून काढली, टॉवेल ठेवले, आणि आकडा उतरवला. हेल्थ कॅनडा थंडीत ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणतं. आमच्या दुहेरी काचांना शून्याच्या आसपास ३५, उणे १० ला ३०, उणे २० ला २५ आणि उणे ३० ला २० पेक्षा जास्त झेपत नाही. शिनूक, म्हणजे रॉकी पर्वतांवरून उतरणारा उबदार कोरडा वारा, सुटला की काही तासांत बाहेरचं तापमान वीसेक अंशांनी चढतं, आणि तो ओसरला की तसंच कोसळतं. कोसळायच्या आधल्या रात्रीच यंत्र बंद करायला मी शिकले. सकाळी काच कोरडी असली की आकडा जास्त नाही हे कळतं.

नवीन घेणाऱ्यांनी मापक पहिल्यांदा घ्यावा, यंत्र नंतर. छोट्या फ्लॅटमध्ये रात्री धुतलेले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालूनही काम भागू शकतं. आमच्याकडे सकाळपर्यंत जीन्ससुद्धा खडखडीत वाळते, म्हणजे तेवढं पाणी हवेतच गेलेलं असतं.