आठ महिने फ्लॅक, २१२ सीडी आणि एक मुका डोंगल

दिवाळीत माळा आवरताना वडिलांच्या सीडींची दोन खोकी खाली आली. मोजल्या तर २१२. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, थोड्या गझला. सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला आणि लॅपटॉपला सीडीचा खणच नाही. शेवटी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि ठरवलं, एवढा उपद्व्याप करायचाच तर एमपीथ्री नको, सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलींत, उतरवायचं आणि फोनवर ऐकायचं.

सुरुवातच फजितीने झाली. माझ्या फोनला हेडफोनचं भोक नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवरून दीडशे रुपयांचा टाइप-सी डोंगल घेतला, घरी येऊन लावला, तर शुकशुकाट! दुसऱ्या दिवशी कळलं की काही डोंगल म्हणजे नुसती तार असते. फोनने स्वतःच टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर सोडला तरच ती चालते आणि माझा फोन तो सोडत नाही. मग डॅक असलेला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप आत बसवलेला डोंगल नऊशे रुपयांना घेतला. घ्यायचा असेल तर दुकानात आपल्या फोनला लावून, ऐकून मगच पैसे द्या.

फ्लॅक म्हणजे आवाजाची झिप फाइल समजा. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ) असतात, प्रत्येक १६ बिटचा आणि चॅनेल दोन. हिशेब केला तर १,४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके हजार बिट. फ्लॅक हे सगळं दाबून बसवतं आणि वाजवताना जसंच्या तसं परत देतं. एमपीथ्री मात्र कानाला कळणार नाही असं समजून बरंच काही टाकून देतं, आणि एकदा टाकलेलं परत मिळत नाही. माझ्या २०३ सीडी (उरलेल्या नवांचं पुढे सांगतो) ६८ जीबीत मावल्या. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत तीस जीबीच्या आत आल्या असत्या.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. फरक ऐकू येतो का? मुलाला बसवलं आणि एकाच ख्यालाच्या तीन फाइली केल्या: फ्लॅक, ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि १२८ची एमपीथ्री. मी डोळे मिटून, तो वाट्टेल त्या क्रमाने लावणार. फ्लॅक आणि ३२०मध्ये वीसपैकी अकरा बरोबर, म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते. १२८ मात्र वीसपैकी अठरा वेळा ओळखली. गळ्यावरून नव्हे हं, तानपुऱ्यावरून. जवारीचा तो बारीक, सतत फिरणारा झणत्कार १२८मध्ये ओलसर होतो, पाण्याखालून आल्यासारखा. माझं वय बावन्न, कान काही तरुण नाहीत. तुम्हाला ३२० ओळखू येत असेल तर आनंदच आहे, पण आधी कोणाला तरी समोर बसवून फाइली लपवून लावायला सांगा.

सीडीपेक्षाही बारीक नमुने घेतलेल्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींच्या नादी मी लागलो नाही. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान चांगला म्हटला तरी वीसपर्यंत जातो. शिवाय बरेच अँड्रॉइड फोन येईल ते ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलूनच बाहेर सोडतात. ते टाळून यूएसबी डॅककडे थेट आवाज पाठवणारं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप मी महिनाभर वापरलं. मनाला समाधान वाटलं, कानाला काही नाही.

ब्लूटूथवर तर फ्लॅकचा मुद्दाच बाद होतो. एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत, जास्तीत जास्त ९९० केबीपीएसला जातं, तेही पुन्हा काटछाट करूनच, आणि लोकलच्या गर्दीत सिग्नल ओढाताणीत पडला की ३३०वर येतं. मी ऑफिसला जाता-येता ब्लूटूथच वापरतो. डब्यात वायर कोणाच्या पिशवीत अडकून डोंगल उपटला जातो, हे दोनदा झालंय.

मग फ्लॅकचा उपयोग काय? मला जो सापडला तो ट्रॅकच्या सांध्यावर. बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण गाणारा थांबलेला नसतो. विलंबित संपतं, तबला लय पकडतो आणि नेमक्या त्या जागी जुन्या एमपीथ्रीत छोटासा खड्डा. एमपीथ्री बनताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. फ्लॅकमध्ये तसं काही नसतं, सांधा कळतही नाही. पण फोनसोबत आलेल्या प्लेअरने फ्लॅकमध्येही खड्डा पाडला! फूबार २००० हे प्लेअर अ‍ॅप टाकल्यावर गेला. पॉवरअँपही हे नीट करतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी. फ्लॅकचे टॅग, म्हणजे फाइलीत लिहिलेली गाण्याची-गायकाची नावं, यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत असतात, त्यामुळे देवनागरी बिनघोर लिहिता येते. पण इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं इंग्रजीत, आणि एकाच रागाची स्पेलिंगं चार तऱ्हांची. सगळं हाताने मराठीत केलं. त्यातही काही ठिकाणी मालकंस, काही ठिकाणी हिंदी धाटणीने मालकौंस लिहून बसलो, आणि शोधताना अर्धेच सापडायचे. एकच नियम ठरवून दोन रविवार दुरुस्तीत घालवले. गाडीतल्या स्टिरिओला देवनागरी येतच नाही, तिथे नुसते चौकोन दिसतात. चौथा चौकोन म्हणजे भैरवी, असं आता पाठ झालंय.

मेमरी कार्डाबद्दल सावध करतो. स्वस्तात मिळालेलं २५६ जीबीचं कार्ड बनावट निघालं. तीस-एक जीबीपर्यंत ठीक, पुढच्या फाइली नुसत्या नावाला. आधी एका द्रुतात मध्येच फटफट आवाज आले तेव्हा वाटलं, सीडीच खराब असेल. पण फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साठवलेला असतो, त्यामुळे तपासणी लावली की कुठली फाइल बिघडलीय ते लगेच कळतं. लॅपटॉपवरची प्रत ठणठणीत होती म्हणून वाचलो.

बायकोच्या आयफोनचं म्युझिक अ‍ॅप फ्लॅक घेत नाही. तिच्यासाठी काही सीडी अलॅकमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या फ्लॅकसारख्या प्रकारात, बदलल्या. दोन्ही लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारे, त्यामुळे काही हरवत नाही.

राहिल्या त्या नऊ सीडी. सगळ्या घरी कोरलेल्या, वरचा रंग उडालेल्या. एकीवर वडिलांच्या अक्षरात ‘गणपती, रात्रीची बैठक’ एवढंच. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (सीडी उतरवणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावून ठेवली, अकराव्या मिनिटापाशी अडकते ती अडकतेच. जुन्या डेस्कटॉपमधले ड्राइव्ह अशा सीडी कधीकधी वाचतात म्हणे. कोणाकडे चालू स्थितीतला पडून असेल तर कळवा, घ्यायला मी येतो.