सेव्हन-झिप: सीटी स्कॅन पाठवण्यापूर्वीचे कुलूप

आईच्या पोटाच्या सीटी स्कॅनवर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे ठरल्यावर स्कॅन केंद्राने दिलेला पेनड्राइव्ह मी संगणकावर उघडून पाहिला. फोल्डरलाच तिचे पूर्ण नाव होते आणि आतल्या प्रत्येक डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचा ठरलेला प्रकार) फाइलच्या शीर्षभागात नाव, जन्मतारीख व रुग्ण क्रमांक सहज वाचता येत होता. हे सारे उघडेच ऑनलाइन ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवणे पटेना, म्हणून फाइली एकत्र बांधून त्यांना पासवर्डचे कुलूप लावणारा, इगोर पाव्हलोव्ह यांचा सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम वापरला.

मूळ काम तो चोख करतो. त्याच्या स्वतःच्या सेव्हन-झेड या फाइल-प्रकारात एईएस-२५६ ही मजकूर कुलूपबंद करण्याची भक्कम पद्धत (एन्क्रिप्शन) असते आणि पासवर्डपासून तिची किल्ली घडवताना एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेचे ५,२४,२८८ फेरे होतात, त्यामुळे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न महाग पडतो.

माझी तक्रार आहे ती आधीच ठरवून ठेवलेल्या पर्यायांबद्दल. फाइलींची नावे झाकण्याच्या चौकटीत आपण खूण केली नाही, तर पासवर्ड नसलेल्यालाही आतल्या फोल्डरचे नाव, म्हणजे आमच्या बाबतीत रुग्णाचेच नाव, दिसते. सेव्हन-झेडऐवजी झिप हा दुसरा फाइल-प्रकार निवडला तर ही चौकट मिळतच नाही, शिवाय झिपक्रिप्टो ही कुलूप लावण्याची जुनी, कमकुवत पद्धत आपोआप निवडलेली असते. वैद्यकीय प्रतिमा पाठवणाऱ्याने झिपच्या वाटेला जाऊच नये.

पासवर्ड मी ईमेलमध्ये न लिहिता डॉक्टरांना फोनवर सांगितला. तो विसरल्यास परत मिळवण्याची सोय नाही, आणि ती नसणेच योग्य आहे. मात्र कुलूपबंद प्रत तयार झाली तरी मूळ फोल्डर संगणकावर तसाच राहतो, आणि आतली एखादी फाइल थेट उघडून पाहिली तर तिची उघडी प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढली जाते, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही.

डायकॉमच्या शीर्षभागातले नाव सेव्हन-झिप पुसत नाही. ते त्याचे कामही नव्हे, आणि उपचारासाठी मत घेताना ते नाव राहिलेलेच बरे, नाहीतर प्रतिमांची अदलाबदल व्हायची. डॉक्टरांना फोनवर मात्र ती फाइल उघडता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातल्या संगणकावर सेव्हन-झिप घेतला, तेव्हा स्कॅन पाहता आला.