निळ्या पडद्यातली दुरुस्तीची पेटी: विंडोज रिकव्हरी कितपत कामाची?

विंडोज ११ सोबत एक दुरुस्तीची पेटी फुकट येते. नाव विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात विनआरई. अपडेटनंतर मशीन उठेनासं झालं की निळा पडदा येतो आणि त्यावर 'ट्रबलशूट' लिहिलेलं असतं, ती हीच. सीपीयू उचलून दुकानात नेला की बहुतेक ठिकाणी 'फॉरमॅट मारावं लागेल' हे उत्तर ठरलेलं असतं. त्याआधी अर्धा तास या पेटीला द्यावा. मात्र आतली सगळी हत्यारं सारख्या धारेची नाहीत. दोन उत्तम आहेत, एक निव्वळ देखाव्याचं आहे, आणि एक वापरण्याआधी दहादा विचार करावा असं आहे.

पेटी उघडण्याआधीचं काम फुकटचं आणि बिनधोक आहे: मशीनला जोडलेलं सगळं काढा. एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर, हब, सगळं. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर राहू द्या. अपडेट बसताना मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. त्यात बूटचा क्रम, म्हणजे मशीनने आधी कुठल्या डिस्कवरून उठायचं तो क्रम, बदलला किंवा बायोसचं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं) अपडेटही सोबत आलं असेल, तर मशीन आधी यूएसबीवरून उठायला बघतं. तिथे विंडोज नसतंच, म्हणून काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत बसते. डिस्क काढल्यावर मशीन नीट उठलं, तर बिघाड विंडोजमध्ये नाहीच. बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा आणि डिस्क पुन्हा जोडा, काम झालं. एक्स्टर्नल डिस्क आणि अपडेट यांचं भांडण जुनंच आहे. २०१९ च्या मे महिन्यातलं विंडोज १० चं १९०३ हे अपडेट यूएसबी डिस्क किंवा एसडी कार्ड जोडलेल्या मशीनवर खुद्द मायक्रोसॉफ्टने अडवून धरलं होतं, कारण अपग्रेडमध्ये ड्राइव्हची अक्षरं उलटसुलट होत होती.

आता पेटी उघडायची. विंडोज उठत असेल पण अडखळत असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा. उठतच नसेल, तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी विनआरई आपोआप येतं. पण पडद्यावर टक्के पुढे सरकत असतील तर हे करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट तास-दीड तास घेतं, आणि मध्येच बंद केलं तर लाइट गेल्यावर जे होतं तेच होतं: अर्धं नवीन, अर्धं जुनं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर धीर धरावा.

पहिलं हत्यार 'स्टार्टअप रिपेअर'. देखाव्याचं म्हटलं ते हे. 'डायग्नोझिंग' म्हणत ते बराच वेळ फिरतं आणि अपडेटच्या बिघाडात बहुधा हात वर करतं. एकदा चालवा, दुसऱ्यांदा नको. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे मागे राहणारी नोंद. विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, लॉगफाइल्स, एसआरटी अशा वाटेने गेलं की 'एसआरटीट्रेल' नावाची टेक्स्ट फाइल सापडते. तिच्या शेवटाकडे 'रूट कॉज' म्हणून एखाद्या ड्रायव्हर फाइलचं नाव आलं असेल, तर चोर सापडला असं समजा.

दुसरं हत्यार 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि पूर्ण गुण यालाच. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आत दोन पर्याय दिसतात. दर महिन्याचं अपडेट म्हणजे 'क्वालिटी', आणि २३एच२ या आवृत्तीवरून २४एच२ वर अशी उडी म्हणजे 'फीचर'. काल-परवा काय बसलं ते आठवून त्यातलं एकच निवडा. 'फीचर' मागे घेण्याची मुदत मुळात दहा दिवसांची असते. 'विंडोज डॉट ओल्ड' हे जुनं विंडोज जपून ठेवणारं फोल्डर जागा मोकळी करायच्या नादात उडवलेलं असेल, तर तीही नाही. मागे घेऊन मशीन उठलं की लगेच सेटिंग्जमधून अपडेट आठवडाभर 'पॉज' करा. नाहीतर रात्री तेच अपडेट पुन्हा बसेल आणि सकाळी पुन्हा निळा पडदा.

तिसरं हत्यार कमांड प्रॉम्प्ट. हे दिसायला रुक्ष, पण सगळ्यात धारदार. (आज्ञा टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) इथली पहिली खोच म्हणजे ड्राइव्हची अक्षरं. खिडकी उघडते ती एक्स ड्राइव्हवर, म्हणजे मेमरीत उभारलेल्या तात्पुरत्या विंडोजवर. तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई झालेला असू शकतो. म्हणून आधी डिस्कपार्ट (डिस्कचे भाग हाताळणारी आज्ञा), मग लिस्ट व्हॉल्यूम, आणि आकारावरून ओळखायचं. अक्षर न तपासता आज्ञा ठोकणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक.

अपडेट अर्धवट अडकलं असेल आणि अनइन्स्टॉलही नकार देत असेल, तर डीआयएसएम ही आज्ञा त्या अक्षरासह 'स्लॅश इमेज', 'स्लॅश क्लीनअप-इमेज' आणि 'स्लॅश रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स' जोडून द्यायची. ती रांगेत अडकलेलं काम रद्द करते. 'अनडूइंग चेंजेस'च्या फेऱ्यात गरगरणारं मशीन यानेच सुटतं. बूटच्या फाइलीच गेल्या असतील तर नेटवर सगळीकडे 'बूटरेक स्लॅश फिक्सबूट' सांगतात. आजच्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनवर ते बहुधा 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणून परत पाठवतं, त्याच्यामागे लागू नका. त्याऐवजी डिस्कपार्टमध्ये शंभर-दोनशे एमबीचं फॅट३२ पार्टिशन निवडून त्याला एस हे अक्षर द्या, बाहेर या आणि बीसीडीबूट चालवा: आधी विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, शेवटी स्लॅश एफ आणि यूईएफआय. बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात, तुमच्या फाइलींना धक्काही लागत नाही.

आणि एक युक्ती, जी दुकानात क्वचितच कोणी सांगतं. त्याच खिडकीत 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ती खिडकी म्हणजे छोटं फाइल एक्स्प्लोररच. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट. किती झालं ते पडद्यावर दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, तरी आत काम चालू असतं. लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा आधी असा बाहेर काढावा, दुरुस्ती मग. डेटा मोठा असेल तर रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा बरी, ती निदान फाइलींची नावं दाखवत जाते.

यादीत तुमची आतली डिस्कच दिसत नसेल, तर ती मेली असं लगेच धरू नका. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची व्यवस्था) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर नसला की विंडोजच्या पेनड्राइव्हवरून उघडलेल्या पेटीला एसएसडी दिसतच नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि 'डीआरव्हीलोड' आज्ञेने चढवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून बघायचा सल्लाही मिळतो. तसं केलं तर बसवलेलं विंडोज निळा पडदा देऊ शकतं, म्हणून तो मार्ग नको.

आता कुलपाची गोष्ट, म्हणजे बिटलॉकर, विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणारी सोय. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क न विचारता एन्क्रिप्ट झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. अपडेटने बूटच्या साखळीत काही हललं की मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. जुलै २०२४ च्या केबी५०४०४४२ या अपडेटनंतर कितीतरी लोकांना हा पडदा दिसला होता. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात 'डिव्हाइसेस'खाली पडलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा, आणि पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा, कारण एकाच खात्यात दोन-तीन कीज असू शकतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे. की नसेल तर डेटा गेला, मागचं दार नाही. कुलूपबंद ड्राइव्ह डिस्कपार्टमध्ये कोरा किंवा अनोळखी दिसतो. तो 'खराब' समजून फॉरमॅट करणारे महाभाग आहेत.

पेटीचे दोष? दोष असे की नेमक्या वेळी दगा देणारे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ अपडेटने विंडोज ११ च्या विनआरईमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. निळा पडदा समोर, 'ट्रबलशूट' समोर, आणि बाण हलत नाही. २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ ने दुरुस्त केलं, पण ज्यांचं मशीन मधल्या सहा दिवसांत बंद पडलं त्यांना ते उतरवणार कुठून? दुसरं, जानेवारी २०२४ चं विंडोज १० चं केबी५०३४४४१. ते खुद्द रिकव्हरीची दुरुस्ती करायला आलं आणि रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नाही म्हणून असंख्य मशीनवर अडकलं. तिसरा दोष, पार्टिशन जुळवताना 'हे छोटं कशाला' म्हणून कोणीतरी रिकव्हरीच उडवलेली असते. आजच, मशीन धडधाकट असताना, अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी, मग जागा, स्लॅश, इन्फो टाइप करा. 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर इन्फोच्या जागी एनेबल.

मशीन उठलं, पण एक्स्टर्नल डिस्क दिसत नाही, ही तक्रार अपडेटनंतर हटकून येते. इथे विनआरईचा उपयोग नाही, डिस्क मॅनेजमेंट उघडा (विंडोज आणि एक्स एकत्र दाबून). पार्टिशन 'हेल्दी' आहे पण अक्षर नाही, तर राइट क्लिक करून शेवटाकडचं एखादं अक्षर द्या, ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हशी टक्कर होणार नाही असं. डावीकडे 'ऑफलाइन' असेल तर तिथेच राइट क्लिक करून 'ऑनलाइन'. 'नॉट इनिशियलाइझ्ड' म्हणून खिडकी आली तर 'ओके' दाबू नका, खिडकी बंद करा आणि आधी केबल बदलून बघा. 'रॉ' (म्हणजे फाइलींची रचना विंडोजला ओळखता येत नाही) दिसलं आणि 'फॉरमॅट करू का' विचारलं तर उत्तर नाही. डेटा हवा असेल तर आधी रिकव्हरी सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर काढा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क ही डिस्क तपासणारी आज्ञाही चालवू नका, उरलासुरला जीव ती घेते.

यादीत डिस्क अजिबातच नसेल तर बहुतेक वेळा वीज आणि केबल. अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीवरूनच वीज घेते. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअॅम्पिअर देतो, २ चा फक्त ५००. म्हणून सीपीयूच्या पुढच्या पोर्टऐवजी थेट मागच्या पोर्टात लावा, आणि बिनअॅडॉप्टरचा हब मध्ये घालू नका. या डिस्कच्या बाजूचं कनेक्टर बारीक आणि लांबट असतं, मध्ये खाच असलेलं. ते सैल झालं की दिवा लागतो, डिस्क फिरते, पण ड्राइव्ह येत-जात राहतो. दोष अपडेटला दिला जातो, दुरुस्ती केबलीची असते. डिस्क थोड्या वेळाने 'झोपत' असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

राहिलं 'रीसेट धिस पीसी'. दहादा विचार करा म्हटलं ते हे. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्रॅम जातात, फक्त युजर फोल्डर राहतो. 'क्लाउड डाउनलोड'ला ४ जीबीच्या वर डेटा लागू शकतो, मोबाइल हॉटस्पॉटवर पॅक संपेल. त्यापेक्षा दुसऱ्या मशीनवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा पेनड्राइव्ह करून ठेवा. निदान ८ जीबीचा लागतो आणि आधीचं सगळं त्यावरून पुसलं जातं. त्यावरून उठवण्यासाठी बूट मेनू डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९. आणि रीसेट करायचंच ठरलं तर एक्स्टर्नल डिस्क जोडलेली नाही ना, हे हाताने केबल चाचपून बघा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'मध्ये 'ऑल ड्राइव्ह्ज' असाही एक पर्याय येतो.