गणपती, दिवाळी की डिसेंबर? इंग्लंडहून बेळगावला यायचं तर कधी

माझ्या मावसबहिणीचं बिऱ्हाड यंदा बर्मिंगहॅमला आलं. सामान लागायच्या आधीच तिचा फोन आला, "आक्का, पहिल्यांदा घरी कधी जाऊ?" दोन मुलं, दोघांच्या नोकऱ्या आणि माहेर-सासर दोन्ही बेळगावात. आम्ही रेडिंगला राहतो आणि तिन्ही हंगामांत जाऊन आलोय: 2022 ची दिवाळी, 2024 चा डिसेंबर, 2025 चे गणपती. तिला फोनवर जे सांगितलं ते तुटक होतं. तिच्यासारख्या आणखीही कितीतरी जणी कॅलेंडर घेऊन बसल्या असतील, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

मुलं शाळेत जात नसतील तर पुढचं फारसं वाचू नका. गणपतीला जा, अनंत चतुर्दशी करून परत या. मूल शाळेत गेलं की मात्र पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवूनच बोलावं लागतं.

इंग्लंडात उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ऑक्टोबरच्या शेवटी बहुतेक ठिकाणी एक आठवडा, ज्याला सगळे हाफ टर्म म्हणतात. मग नाताळाचे दोन आठवडे. मधेच मुलांना काढून न्यायचं म्हटलं तर दंड आहे. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी पाच दिवस बुडाले की नोटीस येऊ शकते. ऑगस्ट 2024 पासून हा दंड 80 पौंड आहे, तोही दर मुलामागे आणि दर पालकामागे. दोन मुलं, दोन पालक म्हणजे 320 पौंड. 21 दिवसांत भरले नाहीत तर दुप्पट. तीन वर्षांत दुसऱ्यांदा तसंच केलं तर सुरुवातच 160 पासून, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. "एवढं काय, दंड भरून टाकू" असं म्हणणारे भेटतात. मी तो सल्ला देणार नाही. नव्या देशातल्या शाळेशी आपलं नातं नोटिशीपासून सुरू व्हावं, हे मला पटत नाही.

आपल्या नोकरीचं म्हणाल तर पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं 28 दिवस भरपगारी रजा, आणि आठ सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरलेल्या असू शकतात. हाती उरतात वीस. त्यातले दोन-तीन नुसत्या प्रवासात जातात.

गणपती

2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला आली, शाळा उघडायच्या आधी. असा योग दर वर्षी नसतो. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळं गणपती 14 सप्टेंबरला गेलेत, म्हणजे शाळा चांगली सुरू झालेली. 2027 मध्ये 4 सप्टेंबर, अगदी काठावर. पुन्हा सरळ जमेल ते 2028 मध्ये, 23 ऑगस्टला.

बेळगावचा गणपती ज्यानं लहानपणी पाहिलाय त्याला बाकी काही सांगावं लागत नाही. गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, शहापूरपासून कॅम्पापर्यंत मंडप, घरात मोदक आणि कडबू, दुसऱ्या दिवशी उंदरी, म्हणजे गणपतीच्या उंदराचा मटणाचा नैवेद्य, आणि मटणाच्या दुकानांसमोर रांगा. माझ्या मुलानं रेडिंगच्या हॉलमधला गणपती दर वर्षी पाहिलाय. तिथं शनिवारी दुपारी दोन ते पाच आरती, प्रसाद आणि मुलांचे नाच होतात, आणि साडेपाचला खुर्च्या रचून ठेवायच्या असतात. तो गणपती आम्ही मनापासून करतो. पण गल्लीतला गणपती कुणाच्या वेळेत बसत नाही. रात्री अकरा वाजता शेजारच्या काकूंनी आरतीला हाक मारली तेव्हा मुलगा माझ्याकडं बघायला लागला, जायला परवानगी आहे का म्हणून. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा गणपतीला जाईन.

आता अडचणी. पाऊस. ऑगस्टअखेर झडी लागलेली असते, कपडे वाळत नाहीत, आणि इंग्लंडच्या कोरड्या उन्हाळ्यातून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशीच सर्दी. गोव्यात उतरून चोर्ला घाटानं यायचा बेत पावसाळ्यात करू नका. धुकं, खड्डे, वर दरडीची भीती, आणि लांबच्या विमानप्रवासानं दमलेली मुलं मागच्या सीटवर. मुंबईला उतरून सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं, विमान धरा, नाहीतर बेंगळुरूला उतरून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. दोन्ही शहरं बेळगावपासून साधारण 500 किलोमीटर, त्यामुळं तिकीट जिकडून स्वस्त तिकडून यावं.

दुसरी अडचण माझ्या मते मोठी आहे. उन्हाळी सुट्टीतला गणपती पुरा होत नाही. गौरी जेवल्या त्याच रात्री आम्ही निघालो, कारण 3 सप्टेंबरला शाळा होती. अनंत चतुर्दशी 6 तारखेला. कपिलेश्वर तलावाकडं जाणारी मिरवणूक, जी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ती मुलांनी दादाच्या मोबाइलवर पाहिली.

आणि तिसरी गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. त्या बारा दिवसांत आई माझ्याशी बसून बोललीच नाही. बोलायला वेळच नव्हता. पहाटे पाचला उठायची, नैवेद्य, पाहुणे, गौरीची भांडी, परत पाहुणे. मी मदतीला उभी राहायची तर म्हणायची, "तू पाहुणी हैस, बस जा." निघायच्या रात्री बॅगेला कुलूप लावताना माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "आलीस खरं, बसलीस कुठं?" तिचं वय 71 आहे.

दिवाळी

दिवाळी नशिबानं हाफ टर्ममध्ये पडली तर काम सोपं. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं आणि शाळेची सुट्टी त्याच आठवड्यात. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, पुढच्या रविवारी परत. हातात निव्वळ सहा दिवस, त्यातही 25 तारखेच्या संध्याकाळी सूर्यग्रहण आलं, तेव्हा तो दिवस सोवळ्यातच गेला. 26 ला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी.

सहा दिवसांसाठी एवढा खर्च करावा का? मुलं पाच ते दहा वर्षांची असतील तर करावा असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण किल्ला. बेळगावात दिवाळीचा किल्ला म्हणजे कोपऱ्यातली शोभा नव्हे. गल्लीतली पोरं आठ-आठ दिवस चिखलात असतात, बुरूज, तटबंदी, पाण्याचं टाकं, मावळे कुठं उभे करायचे यावरून भांडणं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला मराठी समजायचं, बोलायचा इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या तोंडून "ए, पाणी जास्त घालू नको, ढासळतंय" हे ऐकलं आणि मी दारातच थांबले. रेडिंगला रविवारच्या मराठी वर्गात दोन वर्षं घालून जे झालं नव्हतं ते माती कालवताना झालं. पाडव्याला दारात शेणाचे पांडव, आणि गवळ्यांच्या सजवलेल्या म्हशी रस्त्यानं पळवत नेलेल्या. मुलगी घाबरून रडली आणि नंतर महिनाभर तेच सांगत होती.

दिवाळीत आईचं काम गणपतीपेक्षा कमी असतं. फराळ आधीच झालेला असतो, पाहुणे येतात ते चहा-फराळ घेऊन उठतात. हवा कोरडी, भात कापणीला आलेलं, येळ्ळूर-वडगावच्या बाजूला सुगीची घाई. खरेदीचं काही असेल तर याच दिवसांत. शहापूर-वडगावच्या साड्या मी तेव्हाच घेते. कुंदा मात्र तिथंच पोटभर खाऊन यायचा. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे.

तारीख बघताना एक ध्यानात ठेवा: 1 नोव्हेंबर. 1956 साली याच दिवशी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, चन्नम्मा चौकात आदल्या रात्रीपासून गर्दी. दुसरीकडं आपली मराठी माणसं काळा दिन पाळतात, फेरी निघते. त्या दिवशी शहरातून विमानतळाकडं जायचं ठरवू नका. आमच्या आप्पांनी तरुणपणापासून ती फेरी चुकवलेली नाही. नातवंडांना त्याचा अर्थ सांगायचा तर ते घरी असताना, आजोबांच्या तोंडूनच ऐकू दे, असं मला वाटतं.

दिवाळी हाफ टर्ममध्ये नसेल तर? 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, सुट्टी पुढच्या आठवड्यात. 2026 मध्ये 8 नोव्हेंबर, सुट्टी होऊन गेलेली. अशा वर्षी इंग्लंडातच दिवाळी करा आणि ती नीट करा. आम्ही एलिझाबेथ लाइननं सरळ साउथॉलला जातो, पणत्या-उटणं घेतो. 5 नोव्हेंबरच्या गाय फॉक्स रात्रीमुळं फटाके त्या सुमारास दुकानांत असतातच, आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत उडवायला कायद्यानं मोकळीक आहे, एरवी अकरापर्यंतच. नरकचतुर्दशीला बेळगावात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा इथं रात्रीचे साडेबारा. मुलगा जागा राहतो, आई तिकडून फोनवरच ओवाळते. घड्याळं मागं गेली की साडेअकरा होतात, तेवढंच सोपं.

डिसेंबर

नाताळात तिकिटं सगळ्यात महाग. हे आधीच सांगते, कारण बाकी सगळं डिसेंबरच्या बाजूनं आहे. पूर्ण दोन आठवडे शाळा बंद, 25 आणि 26 डिसेंबर आणि 1 जानेवारी या सार्वजनिक सुट्ट्या, त्यामुळं पदरची रजा सहा-सात दिवसच लागते. इंग्लंडात तेव्हा चार वाजता काळोख होतो. बेळगावला सकाळी स्वेटर आणि दुपारी गच्चीवर ऊन.

सण नाही, हेच पहिल्यांदा माझ्या मनाला लागलं होतं. एवढे पैसे घालायचे आणि घरात काहीच नाही? 2024 मध्ये गेलो तेव्हा शहर मात्र उजळलेलं होतं. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते एकच अधिवेशन ज्याचे ते अध्यक्ष होते. त्याची शताब्दी त्याच आठवड्यात आली होती आणि रस्त्यारस्त्यांवर रोषणाई. आप्पा मुलांना टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दाखवायला घेऊन गेले, पायी, वाटेत तीन ओळखीचे भेटले, दोन तासांनी परत आले. गणपतीत आप्पांना असे दोन तास कधी मिळाले असते?

घरी आई सकाळी दहाला मोकळी. मी आणि ती गच्चीवर वाटाणे सोलत बसायचो. मुलगी तिच्या मांडीवर. कुणाचं लग्न कुठं ठरलं, शेजारची वैनी कशानं आजारी, मला लहानपणी काय काय झालं होतं, हे सगळं तेव्हा बोलून झालं. आईचा गुडघा किती दुखतो तेही मला डिसेंबरातच कळलं, फोनवर ती कधी बोलली नव्हती. डॉक्टरकडं नेलं, तपासण्या केल्या. सणासुदीत दवाखान्याचं नाव काढलं असतं तर तिनं हाकलून लावलं असतं.

मुलांना कंटाळा येत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असते, ती तारीख सुट्टीत पडली तर घरातले सगळे मिळून जाता येतं. 31 तारखेला कॅम्पात ओल्ड मॅन जाळतात. कागद-गवताचे ते पुतळे आधी रस्त्याकडेला विकायला मांडलेले असतात, मुलगा रोज मोजून यायचा. लग्नांसाठी म्हणून येत असाल तर मात्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. सोळाच्या सुमारास धनुर्मास लागला की मुहूर्त थांबतात.

अडचण एकच, आणि ती बाहेरच्यांना माहीत नसते. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं. त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, सांबऱ्याच्या विमानात जागा नसते, रस्त्यांवर अडथळे. माहेरी उतरणाऱ्याला काही नाही. जावयाला किंवा सासरच्यांना हॉटेलात ठेवायचं असेल तर अधिवेशनाच्या तारखा कळल्याशिवाय काही पक्कं करू नका. नाताळाच्या आठवड्यापर्यंत बहुधा सगळं निवळलेलं असतं.

आईवडिलांनाच इकडं बोलवायचं हाही एक मार्ग. भेटीच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि बोलवायचं तर जूनमध्ये, रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो तेव्हा. पण शेजारपाजार सोडून आप्पा पंधरा दिवसांवर रमत नाहीत, म्हणून त्याची तुलना इथं करत नाही.

बहिणीला मी शेवटी हे सांगितलं: पहिली खेप डिसेंबरात कर. नव्या देशातलं पहिलं वर्ष जड जातं, आणि तेव्हा आईजवळ नुसतं बसायचं असतं, मखर सजवायचं नसतं. मुलं थोडी मोठी झाली, किल्ल्यात हात घालायच्या वयाची, की दिवाळी जुळणारं वर्ष सोडू नको. गणपती 2028 साठी ठेव, आणि तेव्हा आईला स्वयंपाकाला एक बाई आधीच ठरवून दे, तू पैसे दे, ती नको म्हणाली तरी दे.

आमचं 2026 डिसेंबरचं ठरलंय. 2027 ची दिवाळी हाफ टर्ममध्ये बसते, लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबर, शुक्रवार. फक्त भाऊबीज 31 ला आणि शाळा 1 नोव्हेंबरला, म्हणजे पाडव्याच्या रात्रीच निघावं लागणार. दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मग पाडव्यालाच ओवाळ. 22 साली एकाच दिवशी केलं होतं की."